मोजलेली डोकी, टिपलेले आवाज

बर्लिनच्या दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटरवर व्यून्सडोर्फ नावाचं गाव आहे. तिथल्या एका रस्त्याला मशिदीचं नाव आहे. रस्ता अजून आहे, मशीद मात्र केव्हाच गेली. १९१५ साली जर्मनीनं इथं घुमट आणि मिनार असलेली लाकडी मशीद उभारली. जर्मन भूमीवर नमाजासाठी बांधलेली ती पहिलीच. ती होती युद्धकैद्यांसाठी. इंग्रजांनी आणि फ्रेंचांनी आपापल्या वसाहतींतून जे शिपाई फ्लँडर्सच्या चिखलात आणून लढवले, त्यांतले पकडलेले इथं ठेवले जात. अल्जीरियातले, मोरोक्कोतले, पश्चिम आफ्रिकेतले आणि आपले हिंदी. ‘अर्धचंद्र छावणी’ म्हणत तिला. मशीद बांधण्यामागे भक्तिभाव नव्हता. हे शिपाई फितवावेत आणि त्यांच्याच धन्यांवर सोडावेत, हा कैसरच्या सरकारचा डाव होता. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय ज्यात होते त्या हिंदी क्रांतिकारकांच्या बर्लिन कमिटीची माणसंही हिंदी कैद्यांना स्वातंत्र्याचं समजावायला येत. छावणीत ‘हिंदोस्तान’ नावाचं वर्तमानपत्र निघे, हिंदीत आणि उर्दूत.

माझी मावसबहीण बर्लिनमध्ये बरीच वर्षं राहते, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी ती माझ्याबरोबर निघाली. ‘‘ताई, इतकी वर्षं इथं आहे, पण या गावात आपली माणसं पुरलीत हे मला कुणी सांगितलं नाही,’’ असं ती गाडीत म्हणाली. कुणी सांगणार? गावाची ओळख वेगळीच आहे. पुढे नाझी लष्कराचं मुख्यालय इथं होतं, त्यानंतर १९९४पर्यंत सोव्हिएत फौजांचं. काँक्रीटचे बंकर बघायला लोक येतात. त्सेरेन्सडोर्फच्या दफनभूमीकडे जाणारी वाट रानातून जाते आणि तिच्यावर आम्हाला एक सायकलवाला सोडून कुणी भेटलं नाही.

इथं २०६ हिंदी सैनिक पुरले आहेत. सोव्हिएत काळात हा सगळा परिसर लष्करी सरावाचं मैदान होता, थडगी पार विस्कटली होती. २००५मध्ये राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगानं ती पुन्हा नीट केली. नाव, पलटण, तारीख. शीख, गुरखे, गढवाली, पठाण. बहुतेक गेले ते गोळीनं नव्हे, थंडीनं आणि क्षयानं. इतके मरू लागले की १९१७मध्ये उरलेल्या हिंदी कैद्यांना हवा मानवेल म्हणून रुमानियात हलवावं लागलं. बहीण प्रत्येक शिळेवरचं नाव मोठ्यानं वाचत चालली होती. मी तिला थांबवलं नाही.

पण मी इथं आले होते ती थडग्यांसाठी नव्हे, आवाजांसाठी. या छावणीत आणि जर्मनीतल्या इतर छावण्यांत १९१५ ते १९१८ या काळात प्रशियाच्या सरकारनं एक ध्वनिमुद्रण आयोग कामाला लावला होता. विल्हेल्म डोएगन हा त्यातला मुख्य माणूस. जगातल्या सगळ्या जमातींच्या भाषा तबकडीवर टिपून ठेवायच्या, अशी त्याची महत्त्वाकांक्षा. माणसं शोधायला जगभर हिंडायची गरज नव्हती, युद्धानं ती दाराशी आणून टाकली होती. सुमारे २५० भाषा आणि बोली, १,६५० तबकड्या. प्रत्येक कैद्याचा एक फॉर्म भरला जाई: जन्मगाव, धंदा, धर्म, लिहितावाचता येतं का, गाता येतं का, आवाजाचा पोत कसा. मजकूर आधी लिहून काढायचा, पाठ करवून घ्यायचा, मग भोंग्यासमोर उभं राहून बोलायचं. त्याच छावण्यांत मानववंशशास्त्रज्ञ डोकी मोजत. फॉन आइकश्टेट नावाच्या तरुणानं शीख कैद्यांची मापं घेऊन त्यावर डॉक्टरेट मिळवली.

त्या तबकड्यांपैकी एकीवर ११ डिसेंबर १९१६ला मल्ल सिंग नावाचा फिरोजपूरकडचा शिपाई बोलला आहे. जेमतेम दीड मिनिटाचा मजकूर. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, इंग्रजांनी त्याला लढाईवर आणलं, आता तो जर्मनांच्या कैदेत आहे, आणखी दोन वर्षं इथं राहिला तर मरून जाईल, देवाच्या कृपेनं समेट झाला तर घरी जाईल. स्वतःबद्दल बोलतो आहे, पण ‘मी’ म्हणत नाही. भाषाशास्त्रज्ञांना हव्या होत्या पंजाबी स्वरांच्या लांब्या. त्यानं त्यातच आपला निरोप घालून दिला, आणि तो निरोप म्हणून ऐकला जायला नव्वद वर्षं लागली. २००७मध्ये फिलिप शेफनर या बर्लिनच्या दिग्दर्शकानं ‘द हाफमून फाइल्स’ हा चित्रपट केला, त्यात तो मल्ल सिंगचा माग काढतो. ती तबकडी ज्या ध्वनिसंग्रहात आहे तो आता बर्लिनच्या मध्यावर, नव्यानं बांधलेल्या राजवाड्यातल्या हुंबोल्ट फोरममध्ये ठेवला आहे.

व्यून्सडोर्फमध्ये आज काय आहे? निर्वासितांचं केंद्र. २०१५च्या उन्हाळ्यापासून सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधून लाखो माणसं जर्मनीत आली. त्या एका वर्षात सुमारे ८,९०,०००. राहण्याची सोय करायला जागा हव्या होत्या, जुन्या लष्करी वसाहती रिकाम्या होत्या. मशिदीच्या जागेचं तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी उत्खननही केलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जिथं वसाहतींतले मुसलमान कैदी नमाज पढत होते, तिथल्याच मातीवर पुन्हा मुसलमान मुलं सायकली फिरवू लागली. कुंपणाआड फुटबॉल चालला होता. आम्ही बाहेरूनच बघितलं. आत जायला परवाना लागतो आणि त्या लोकांकडे टक लावून बघायचा आम्हाला काही हक्कही नव्हता.

या केंद्रात येणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या माणसाला आज आवाजाची परीक्षा द्यावी लागू शकते. २०१७पासून जर्मनीचं स्थलांतर आणि निर्वासित खातं बोली ओळखणारं सॉफ्टवेअर वापरतं. अर्जदारासमोर एक चित्र ठेवतात. टेलिफोनवर दोनेक मिनिटं त्याचं वर्णन करायचं. संगणक टक्केवारी देतो: सीरियन अरबी इतके टक्के, इजिप्शियन इतके. तुम्ही म्हणता ते गाव तुमचंच का, याचा निवाडा करताना हा कागदही फायलीत जातो. फोनमधली माहिती सरसकट उपसून घेण्याचाही रिवाज होता. त्यावर एक अफगाण बाई न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं तो बेकायदा ठरवला.

बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ सॉफ्टवेअरच्याच अंगानं बोलत राहिली. नमुना किती छोटा, दमास्कसचा माणूस बेरूतमध्ये वाढला असेल तर काय, नगरचा माणूस नागपुरात वीस वर्षं राहिला तर त्याची मराठी कुठली धरायची. मग म्हणाली, ‘‘माझ्या व्हिसाच्या वेळी मला कुणी चित्र दाखवलं नाही गं.’’ तिला कसं दाखवतील? तिच्यासारख्यांना जर्मनी बोलावतंय. २०२४च्या ऑक्टोबरात भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० असलेली व्हिसांची संख्या ९०,०००पर्यंत नेण्याचं जर्मन सरकारनं जाहीर केलं. त्याच्या महिनाभर आधीच सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू झाली होती. एकच देश एका हातानं दार उघडतो आणि दुसऱ्या हातानं लावतो, आणि कुणासाठी उघडायचं हे माणसाच्या उपयोगावरून ठरतं. मला यात वसाहतकाळाची सवय दिसते. १९१६चा डोएगन आणि आजचं खातं यांचे हेतू एक नाहीत, हे मला मान्य आहे. पण समोरच्याचं बोलणं बाजूला सारून त्याचा आवाज तेवढा पुरावा म्हणून उचलायचा, ही रीत तीच आहे.

ही गोष्ट कलावंतांनी फार लवकर ओळखली. लॉरेन्स अबू हमदान यानं २०१२मध्ये नेदरलँड्समध्ये उच्चारांच्या तपासणीवरून नाकारलेल्या सोमाली निर्वासितांबरोबर बसून नकाशे केले: कोण कुठं जन्मला, कुठल्या दुष्काळात कुठं गेला, कुणाबरोबर राहून कुठले शब्द उचलले. भाषा पायांनी चालते हे त्या नकाशांवर दिसतं. शेफनरनं पुढे २०१६मध्ये ‘हावारी’ केला. भूमध्य समुद्रात अडकलेल्या रबरी होडीची, क्रूझवरच्या एका प्रवाशानं मोबाइलवर घेतलेली ३ मिनिटं ३६ सेकंदांची फीत. त्यानं ती ताणून दीड तासाची केली. होडी जवळजवळ हलत नाही. खाली वेगवेगळ्या माणसांचे आवाज. तबकडीवरच्या कैद्याचा माग काढणारा दिग्दर्शकच या होडीपाशी पोचतो, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

बर्लिनच्या डालेम भागात मी एकटीच गेले. मुक्त विद्यापीठाचा परिसर, रुंद फुटपाथ, लिंडनची झाडं. ईनेश्ट्रासे २२ या इमारतीत आज राज्यशास्त्र शिकवतात. १९२७मध्ये इथं कैसर विल्हेल्म संस्थेचं मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजाजनन केंद्र उघडलं. संचालक ऑयगेन फिशर. हा फिशर १९०८मध्ये जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेला होता. रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेऊन १९१३मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं आणि त्यावर त्याची कीर्ती उभी राहिली. पुढे याच इमारतीत आउशवित्झहून नाझी डॉक्टर मेंगेलेनं पाठवलेले माणसांचे अवयव येत. वसाहतीतून गोळा केलेलं शास्त्र घरी परतून काय करतं ते इथं दारावरच्या पाटीत लिहिलं आहे.

आणि याच जिन्यावरून इरावती कर्वे चढउतार करत होत्या. महर्षी कर्व्यांची सून, पुण्याची विशीतली मुलगी, फिशरची विद्यार्थिनी. त्यांना विषय दिला होता कवट्यांचा. युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी असमान असते आणि त्याचा त्याच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी संबंध असतो, असं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी युरोपातल्या आणि युरोपबाहेरच्या कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन वसाहतींतून आलेल्याही होत्या. कवटीच्या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. १९३०मध्ये, बर्लिनमध्ये, ऑयगेन फिशरच्या हाताखाली. मी त्यांची ‘परिपूर्ती’ आणि ‘युगान्त’ वाचत मोठी झाले. त्या लेखनाच्या मागे हे टेबल आणि त्यावरच्या या कवट्या आहेत हे मात्र फार उशिरा कळलं.

इरावतीबाईंना या मोजमापापासून पूर्ण सुटका मिळाली असं म्हणता येणार नाही. पुढे महाराष्ट्रात त्यांनी जातीजातींची डोकी, नाकं मोजली. वि. म. दांडेकरांबरोबरचं ते काम १९५१मध्ये प्रसिद्ध झालं. डालेमची हत्यारं डेक्कन कॉलेजात आली ती त्यांच्या हातून. त्याबद्दल मराठीत स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. पण त्याच बाईंनी जाई निंबकरांबरोबर कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९मध्ये आली. तिथं कंपास नव्हता. जमीन किती गेली, मोबदला केव्हा मिळाला, नव्या गावात पाणी कुठून आणता, शेजार तुटला का, असं विचारत त्या हिंडल्या. कवट्यांकडून विस्थापितांच्या तक्रारींपर्यंतचा हा प्रवास मला त्यांच्या सगळ्या पुस्तकांइतकाच मोलाचा वाटतो.

२०१४मध्ये डालेमच्या त्या परिसरात बांधकाम चालू असताना हाडं निघाली. पुढच्या खोदकामात सुमारे १६,००० तुकडे मिळाले. कुणाची? वसाहतींतून आणलेल्यांची, की छळछावण्यांतून पाठवलेल्यांची, की दोन्ही? डीएनए तपासून काही कळलं असतं. पण ज्यू, सिंती आणि रोमा, तसंच कृष्णवर्णीय समाजाच्या प्रतिनिधींशी बोलून निर्णय झाला की आता पुन्हा यांची वंशावर विभागणी करायची नाही. मार्च २०२३मध्ये सगळी हाडं डालेमच्या दफनभूमीत एकत्र पुरली. जाणून घेण्याचं साधन हातात असताना मोजणं थांबवणारं विद्यापीठ मी दुसरं पाहिलेलं नाही.

नामिबियाचा तपशील सांगायलाच हवा, कारण मराठीत तो फारसा येत नाही. तिथल्या हेरेरो लोकांनी जानेवारी १९०४मध्ये जर्मनांविरुद्ध उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गला लढाई झाली आणि जनरल फॉन ट्रोथानं त्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात ढकललं. २ ऑक्टोबरच्या त्याच्या फर्मानात हुकूम होता की जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो गोळी घालून मारायचा. उरलेले छावण्यांत. किनाऱ्याजवळच्या शार्क बेटावर नामा लोक थंडीनं आणि उपासमारीनं मेले, त्यांचा पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्सही. १९०८पर्यंत बहुसंख्य हेरेरो आणि जवळपास निम्मे नामा संपले होते. कवट्या बर्लिनला पाठवल्या. २०११मध्ये शारिटे इस्पितळानं त्यांतल्या वीस परत दिल्या, तेव्हा जर्मन राज्यमंत्री स्वतःचं भाषण आटोपून, पाहुण्यांचं न ऐकता सभागृहातून निघून गेल्या. सॅम्युएल महारेरोसह काही हेरेरो कालाहारी ओलांडून बेचुआनालँडमध्ये पोचले, त्यांचे वंशज आजही बोट्स्वानात आहेत. जर्मनीनं निर्वासित पहिल्यांदा पाहिले ते २०१५मध्ये नव्हे. शंभर वर्षांपूर्वी तिनं ते तयार केले होते.

मे २०२१मध्ये जर्मन सरकारनं आजच्या दृष्टीनं हा वंशविच्छेद होता असं म्हटलं आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो विकासनिधी म्हणून देऊ केले. नुकसानभरपाई हा शब्द टाळला. हेरेरो आणि नामांच्या अनेक संघटनांनी ते धुडकावलं, कारण ज्यांची माणसं मेली त्यांना वाटाघाटींत स्वतःची खुर्ची मिळाली नाही. १८८४-८५च्या बर्लिन परिषदेतही आफ्रिकेची वाटणी करताना एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. नॉयकोल्नमध्ये कोलुंबियाडामच्या दफनभूमीत एक दगड आहे, १९०७चा, नैऋत्य आफ्रिकेतल्या युद्धात मेलेल्या सात जर्मन शिपायांच्या गौरवाचा. २००९मध्ये त्याच्या पायाशी वसाहतीतल्या बळींसाठी एक फरशी बसवली. वंशविच्छेद हा शब्द तीवरही नाही. रस्त्यापलीकडे टेंपलहोफचा बंद विमानतळ. २०१५मध्ये त्याच्या हँगरांत, बिनछताच्या आडोशांत शेकडो निर्वासित झोपत. दगड आणि हँगर यांच्यामध्ये पायी काही मिनिटांचं अंतर आहे.

बर्लिनच्याच वेडिंगमधल्या आफ्रिकन वस्तीत वसाहतकर्त्यांच्या नावांच्या पाट्या बदलल्या आहेत. ल्युडेरिट्झचा रस्ता आता कॉर्नेलियस फ्रेडरिक्सचा झाला, नाख्टिगालचा चौक रुडॉल्फ मांगा बेलचा. हा कॅमेरूनमधल्या दुआलांचा राजा. जर्मनीत शिकलेला, जमिनी बळकावल्या म्हणून जर्मन संसदेकडे अर्ज करणारा. त्याला ८ ऑगस्ट १९१४ला फाशी दिलं. या बदलांसाठी वर्षानुवर्षं झगडले ते बर्लिनचे आफ्रिकी रहिवासी. टांझानियाचे म्न्याका सुरुरु म्बोरो १९७८मध्ये इंजिनिअरिंग शिकायला निघाले तेव्हा आजीनं त्यांना बजावलं होतं की जर्मनांनी फाशी दिलेल्या मांगी मेली या राजाचं डोकं घेऊन ये. इतकी वर्षं ते मागताहेत, रस्त्यारस्त्यांवरून लोकांना हिंडवून सांगताहेत.

क्रॉइत्सबेर्गचा ओरानिएनप्लात्झ आज साधा चौक आहे. बाक, झाडं, पोरं. २०१२मध्ये व्युर्ट्सबुर्गच्या छावणीत एका इराणी निर्वासितानं जीव दिला, आणि सप्टेंबरात तिथून माणसं पायी बर्लिनला निघाली. त्यांना नेमून दिलेला जिल्हा सोडायची परवानगी नव्हती. १९८२पासून तसा कायदाच होता. म्हणजे प्रत्येक पाऊल गुन्हा होता, आणि ती मुद्दाम टाकलेली पावलं होती. मला आठवला तो १९०७चा नैऋत्य आफ्रिकेतला नियम: सात वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी माणसानं पासाचा बिल्ला बाळगायचा. ऑक्टोबर २०१२ ते एप्रिल २०१४ या चौकात तंबू होते. हटवायला आले तेव्हा सुदानच्या नापुली लांगा झाडावर चढून बसल्या, दिवसचे दिवस. पुढच्याच वर्षी तो जिल्ह्याचा नियम बराच सैल झाला.

येनी एर्पेनबेकनं या चौकावर २०१५मध्ये कादंबरी लिहिली. एक निवृत्त प्राध्यापक या आफ्रिकी तरुणांशी बोलू लागतो. कादंबरी जीव ओतून लिहिली आहे, तरी मला ती वाचताना प्राध्यापक जास्त कळला, तरुण कमी. तिच्याहून मला अब्दुलरजाक गुर्ना जवळचा वाटतो. झांझिबारहून स्वतः निर्वासित होऊन इंग्लंडला गेलेला, २०२१चा नोबेलविजेता. त्याच्या ‘आफ्टरलाइव्ह्ज’मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतले अस्करी, म्हणजे जर्मनांच्या फौजेतले आफ्रिकी शिपाई आहेत. अशा एका खऱ्या अस्करीसाठी बर्लिनमध्ये ब्रुननश्ट्रासे १९३समोर पितळी पाटी आहे: बायुमे मोहम्मद हुसेन. दार-एस-सलामचा, पहिल्या महायुद्धात लहानपणीच जर्मनांसाठी लढलेला. १९२९मध्ये बर्लिनला आला, थकलेला पगार परराष्ट्र खात्याकडे मागितला, नकार मिळाला. वेटर झाला, स्वाहिली शिकवली, चित्रपटांत छोटी कामं केली. गोऱ्या बाईशी संबंध म्हणून पकडला गेला आणि नोव्हेंबर १९४४मध्ये झाक्सनहाउझनच्या छळछावणीत मेला.

श्प्रे नदीकाठच्या एका रस्त्याला २०१०पासून माय आयिमचं नाव आहे. आधी तो गुलामांच्या व्यापारासाठी किल्ला बांधणाऱ्या ग्र्योबेनचा होता. आयिम १९६०ची, घानाच्या बापाची आणि जर्मन आईची मुलगी. कवयित्री. १९८६मध्ये कृष्णवर्णीय जर्मन बायकांच्या आयुष्यावरचं पहिलं पुस्तक तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी काढलं. ती १९९६मध्ये, छत्तिशीत गेली. तिच्यानंतरच्या पिढीतले लेखक आता सीरियातून, अफगाणिस्तानातून, इरिट्रियातून येतात. आपापल्या भाषेत लिहितात आणि जर्मन लेखक त्यांच्या जोडीला बसून भाषांतर उभं करतात.

अशाच एका वाचनाला बहिणीनं मला नेलं. नॉयकोल्नमधलं पुस्तकांचं दुकान, वीसेक माणसं, पुदिन्याचा चहा. दमास्कसहून आलेली लेखिका अरबीतून वाचत होती, मग जर्मन भाषांतर, आणि बहीण कानात मराठी सांगत होती. भेंडीच्या भावावरून दोन जावांचं भांडण. लोक हसले. वाचन संपल्यावर एका वयस्कर बाईंनी फार प्रेमानं विचारलं की तुमच्या पलायनाबद्दल काही वाचाल का, समुद्राबद्दल. लेखिका म्हणाली, ‘‘ते सगळं मी मुलाखतीत सरकारला सांगितलंय, तारखांसकट. फायलीत आहे.’’ आणि पुढचा उतारा काढला. तो दिराच्या स्कूटरचा होता, आणि पहिल्याहून लांब.